सव्वा महिना आणि तीस दिवस

अपुऱ्या दिवसांचे मूल जगविण्याची विद्या आता खेड्यापाड्यांतील माणसांच्याही आवाक्यात आली आहे. भडगाव तालुक्यातील शेतमजुराचे दीड किलोचे बाळ जिल्ह्याच्या ठिकाणी काचेच्या पेटीत वाढते आणि सुखरूप घरी येते. ही प्रगती अभिमानास्पद खरी. परंतु जीव वाचलेल्या बाळाचे डोळेही वाचले काय, हा प्रश्न त्या आनंदात सहज मागे पडतो.

अशा बाळाच्या डोळ्यातील पडद्याच्या रक्तवाहिन्यांची वाढ पुरी झालेली नसते. जन्मानंतर ती भलत्या वळणाने गेली, तर पडदा ओढला जाऊन सुटतो आणि कायमचे अंधत्व येते. बॉस्टनचे डॉ. थिओडोर टेरी यांनी १९४२ साली या विकाराची प्रथम नोंद केली. पुढील दशकात, पेटीतील बेसुमार प्राणवायू हे त्याचे एक मोठे कारण असल्याचे सिद्ध झाले. ज्या प्राणवायूने जीव तगतो, त्याच्याच अतिरेकाने दृष्टी जाऊ शकते. शिवाय प्रारंभी डोळा वरून निरोगी दिसतो; आईला शंका येण्याचेही कारण नसते. म्हणूनच २ किलोहून कमी वजनाच्या किंवा गर्भाचे ३४ आठवडे भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाची पहिली नेत्रतपासणी ३० दिवसांच्या आत, आणि फारच लहान बाळाची दोन-तीन आठवड्यांत व्हावी, असा भारतातील दंडक आहे. विकार बळावलेला आढळल्यास दोन-तीन दिवसांतच लेसर किंवा इंजेक्शनचा उपचार करावा लागतो.

नेमकी येथेच अडचण आहे. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. ही रूढी आई व मूल यांना जपण्यासाठीच रुजली. पण तपासणीची मुदत तिच्या आतच संपते. त्यात एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज यांची भर पडते. तेव्हा पालकांच्या अज्ञानाकडे बोट दाखविणे सोपे असले, तरी न्याय्य नाही.

हिशेबाच्या दृष्टीनेही ही उपेक्षा परवडणारी नाही. तामिळनाडूतील सरकारी रुग्णालयात १९९६ साली जन्मलेल्या एका मुलीची अशी तपासणी झाली नाही व तिची दृष्टी गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली त्यापोटी सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई ठरविली. तेवढ्या रकमेत किती बाळांचे डोळे वेळीच तपासता आले असते! आणि ज्यांना न्यायालयाची पायरी चढणे जमत नाही, त्यांचे नुकसान तर कोणत्याच खतावणीत येत नाही.

उपाय आवाक्याबाहेरचा नाही. कर्नाटकात २००८ पासून प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतील नवजात कक्षांत जातात आणि डोळ्यांची छायाचित्रे दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवितात. खानदेशातही तपासणीनेच बाळापर्यंत गेले पाहिजे. घरी सोडताना पुढील तपासणीची तारीख कार्डावर ठळक लिहावी. आशा कार्यकर्ती २१व्या व २८व्या दिवशी घरी जातेच. तिने त्या तारखेची आठवण द्यावी. आजारी अर्भकांसाठी २०११ पासून मोफत वाहनाची तरतूद आहे. तिचा लाभ या बाळांनाही मिळावा.

काचेच्या पेटीवर खर्च करणाऱ्या शासनाने नेत्रतपासणीचा खर्च निराळा मानू नये. बाळाचा जीव वाचविण्याचे काम त्याची दृष्टी सुरक्षित झाल्यावरच पुरे होते.