हिंसा ओसरली, ती कोणती?

मानवी इतिहासात हिंसा सातत्याने घटत आली असून आजचा काळ हा आजवरचा बहुधा सर्वांत शांततेचा काळ आहे, असा सिद्धान्त अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बेटर एंजल्स ऑफ अवर नेचर’ या ग्रंथात मांडला. हिंसेचे मोजमाप मृतांच्या एकूण संख्येने न करता तत्कालीन लोकसंख्येशी असलेल्या प्रमाणाने करावे, असा त्यांचा आग्रह आहे. ते मान्य केले की साडेपाच कोटी बळींचे दुसरे महायुद्धही त्यांच्या कोष्टकात नवव्या क्रमांकावर जाते. हा पूर्वपक्ष दुबळा नाही, आणि दोन महायुद्धांचा नुसता उच्चार करून तो निकालात काढू पाहणाऱ्यांनी त्याला उत्तर दिले असे म्हणता येत नाही.

तथापि त्या कोष्टकाच्या अग्रस्थानी जे आहे, तेच तपासून पाहण्याजोगे आहे. चीनमध्ये तांग राजवटीविरुद्ध सेनापती अन लुशान याने ७५५ मध्ये सुरू केलेले बंड ७६३ मध्ये शमले. बंडापूर्वीच्या नोंदीत साम्राज्याची लोकसंख्या सुमारे ५ कोटी २९ लाख, तर ७६४ च्या नोंदीत सुमारे १ कोटी ६९ लाख आढळते. यांतील ३ कोटी ६० लाखांचा फरक म्हणजे बंडाचे बळी, असे धरून विसाव्या शतकाच्या लोकसंख्येच्या मानाने तो वाढवला की ४२ कोटींवर जाणारा आकडा हाती येतो. परंतु तांग काळातील नोंदी करवसुलीसाठी कुटुंबांच्या पटावरून होत असत, आणि बंडानंतर ईशान्येकडील प्रांत अर्धस्वतंत्र सुभेदारांच्या हाती जाऊन तेथून ना कर येई ना पट. म्हणून हा फरक मुख्यतः पटावरून नाहीशा झालेल्यांचा आहे, आणि त्यांतील प्रत्यक्ष मेलेले किती हे त्यावरून ठरत नाही. आकडा वादग्रस्त असल्याची नोंद पिंकर यांनी केली आहे खरी, पण नोंद करूनही त्याला पहिले स्थान द्यावयाचे, ही सावधगिरी फारशी कामाची नाही.

प्रागैतिहासिक काळाविषयीचा पुरावाही असाच निवडक आहे. नाईल खोऱ्यातील जबल सहाबा येथील दफनभूमीत शस्त्रांच्या जखमा असलेले अनेक सांगाडे सापडले. पण अशा गाजलेल्या स्थळांची सरासरी काढून ती साऱ्या आदिम मानवाची म्हणून पुढे करणे म्हणजे केवळ रणांगणे मोजून देशाचा मृत्युदर ठरवण्यासारखे आहे.

१९४५ नंतर बड्या सत्तांमध्ये थेट महायुद्ध झाले नाही, या वस्तुस्थितीला ‘दीर्घ शांतता’ असे म्हणतात. इंग्रज हवामानशास्त्रज्ञ लुईस रिचर्डसन यांनी दाखवले होते की युद्धांच्या आकारमानात लहान युद्धे पुष्कळ आणि प्रचंड युद्धे विरळ असतात, पण एकूण बळींतील फार मोठा वाटा त्या विरळ युद्धांचाच असतो. अशा वितरणात काही दशकांचा खंड योगायोगानेही पडू शकतो. ॲरन क्लॉसेट यांच्या २०१८ मधील संख्याशास्त्रीय विश्लेषणानुसार, ही शांतता आणखी किमान शंभर वर्षे टिकली तरच तिला खरा बदल म्हणता येईल.

मग या सिद्धान्तात ग्राह्य काहीच नाही काय? आहे, आणि ते थोडे नाही. गुन्हेशास्त्रज्ञ मॅन्युएल आयझनर यांनी जमवलेल्या न्यायालयीन नोंदींवरून असे दिसते की पश्चिम युरोपात मध्ययुगाच्या उत्तरार्धात दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला वीस ते चाळीस खून होत आणि विसाव्या शतकात हे प्रमाण सुमारे एकावर आले. ही घट केवळ वैद्यकामुळे, म्हणजे जखमी वाचू लागल्यामुळे झाली, हा आक्षेप टिकत नाही, कारण तिचा बराच भाग सतराव्या-अठराव्या शतकांत, जंतुनाशक शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी घडला. भारतातही अधिकृत आकडेवारीनुसार १९९२ मध्ये सुमारे ४० हजार, तर लोकसंख्या कितीतरी वाढल्यावरही २०२२ मध्ये सुमारे साडेअठ्ठावीस हजार खून नोंदले गेले.

या घटीचे कारण समाजशास्त्रज्ञ नॉर्बर्ट एलियास यांनी १९३९ मध्येच सुचवले होते: शस्त्र चालवण्याचा अधिकार सरदारांकडून राजसत्तेकडे एकवटला, सूडाची जागा खटल्याने घेतली आणि आत्मसंयम प्रतिष्ठेचा झाला. पण ज्या एकवटलेल्या सत्तेने गावातील सुरा म्यान करवला, तिच्याच हाती सक्तीची सैन्यभरती, रेल्वे आणि नोंदवह्या आल्या, आणि त्यांच्याच बळावर नाझी राजवटीने साठ लाख यहुद्यांची हत्या केली. तेव्हा खासगी हिंसेची घट आणि राज्यसंस्थेच्या संहारशक्तीची वाढ या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू असून, पहिलीवरून मानवी स्वभाव निवळला असा निष्कर्ष काढता येत नाही. खून घटले ते न्यायालये व पोलीस यांच्यामुळे, आणि त्या संस्था ढासळल्या तर ते वाढूही शकतात.

एल साल्वादोरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २०१५ मध्ये तेथे लाखामागे शंभराहून अधिक खून झाले. मार्च २०२२ मध्ये आणीबाणी लागू झाल्यावर सत्तर हजारांहून अधिक लोकांना अटक करण्यात आली आणि २०२३ चा अधिकृत खूनदर तीनच्याही खाली आला. त्या अटकेतील माणसांची नोंद खूनदराच्या आलेखात कोठेही होत नाही.