टेंभ्याला मालक नको, डॉक्टर हवेत

“सरकारी इस्पितळ एखाद्या मोठ्या कंपनीला चालवायला द्या, निदान नीट तरी चालेल.” भाईंदरच्या लोकलमध्ये, मीरा रोडच्या सोसायट्यांच्या सभांत, शांतीनगरच्या नाक्यावर हे वाक्य मी सतत ऐकतो, आणि दरवेळी डोकं तापतं. राग बोलणाऱ्यावर नाही. आईला स्ट्रेचरवर घालून तासन्‌तास तिष्ठलेला माणूस दुसरं काय बोलणार? राग आहे तो त्याला हे बोलायला लावणाऱ्यांवर. आधी सरकारी इस्पितळ उपाशी ठेवायचं, ते अंथरुणाला खिळलं की लोकांना दाखवायचं आणि “जनतेलाच खासगीकरण हवंय” म्हणून निविदा काढायची. याला मी जनमत म्हणणार नाही. ही लोकांची केलेली कोंडी आहे.

आमच्या भाईंदरच्या टेंभा रुग्णालयाचंच बघा. भारतरत्न पंडित भीमसेन जोशींचं नाव लावलेलं २०० खाटांचं हे रुग्णालय मीरा-भाईंदर महापालिकेने उभं केलं. चालवणं झेपत नाही म्हणून राज्य सरकारच्या ताब्यात दिलं. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या आठ लाखांवर होती. त्यानंतर काशिमीऱ्यापासून उत्तनच्या रस्त्यापर्यंत किती टॉवर चढले ते सगळ्यांना दिसतंय. बांधकाम परवानगीचे पैसे घेताना महापालिकेला काही जड गेलं नाही. त्या टॉवरांत राहायला आलेल्या माणसाचं हृदय बंद पडायला लागलं की मात्र “इथे सोय नाही, मुंबईत शताब्दीला न्या, केईएमला न्या.” मग दहिसर चेकनाक्याची कोंडी, नाहीतर घोडबंदरचा घाट. पैसे असलेला रस्त्यावरच्या पहिल्या खासगी इस्पितळात वळतो. नसलेलाही वळतो, दागिने मोडून.

ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. ठाण्याचं सिव्हिल रुग्णालय पुनर्बांधणीसाठी बंद होतं आणि सगळ्या जिल्ह्याचा भार कळव्यावर आला होता. एक सार्वजनिक इस्पितळ बंद झालं की शेजारचं दुसरं कसं कोलमडतं, याचा याहून भयंकर पुरावा कोणाला हवा आहे?

आता खासगीच्या हाती दिलं तर नीट चालेल, या समजुतीकडे येतो. अंधेरीत मरोळला मुंबई महापालिकेने स्वतःची मोक्याची जमीन भाडेपट्ट्याने देऊन सेव्हन हिल्स रुग्णालय उभं राहू दिलं. अट होती की २० टक्के खाटा पालिकेने पाठवलेल्या रुग्णांना मिळतील. त्या खाटांवरून वर्षानुवर्षं वाद झाले आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दोन वर्षांनी कोविड आला, तेव्हा त्याच इमारतीत रुग्णांना उभं राहून सांभाळलं ते महापालिकेच्या यंत्रणेने. एवढं पाहूनही २०२५ मध्ये बोरिवलीचं भगवती रुग्णालय सार्वजनिक-खासगी भागीदारीत चालवायला देण्याचा घाट घातला गेला. मीरा-भाईंदरच्या कितीतरी घरांना भगवतीचा आधार होता. तिथले रहिवासी रस्त्यावर उतरले. आम्ही इकडे मेट्रोचे खांब मोजत बसलो. याची मला लाज वाटते.

धर्मादाय रुग्णालयांचा अनुभवही वेगळा नाही. त्यांना करसवलती मिळतात, अनेकांना नाममात्र दरात जमीन मिळाली. त्या बदल्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना आखून दिली, ढोबळ बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायला लावली. आणि एप्रिल २०२५ मध्ये पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात एका गर्भवतीच्या नातेवाइकांकडे १० लाखांची अनामत मागितल्याचं प्रकरण उभ्या महाराष्ट्राने पाहिलं. ती बाई गेली. तातडीच्या रुग्णाकडून अनामत घेणार नाही, असं रुग्णालयाने त्यानंतर जाहीर केलं. त्याआधी इतकी वर्षं धर्मादाय आयुक्तालय काय करत होतं?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. खासगी आणि सरकारी एकत्र यायला माझी ना नाही, पण हुकूम कोणाचा चालणार ते आधी ठरवा. कोविडच्या साथीत, मे २०२० मध्ये, राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा आपल्या नियंत्रणात घेतल्या आणि दर बांधून दिले: साध्या विलगीकरणाला दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पळवाटा निघाल्या, जादा बिलंही आली, तरी ती बिलं तपासायला पालिकांनी लेखापरीक्षक बसवले आणि अनेकांचे पैसे परत मिळाले. सरकारला मनात आलं की जमतं, हे तेव्हा सिद्ध झालं. साथ ओसरली आणि ते मनातलंही ओसरलं. रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरांनी कमिशन घ्यायची कट प्रॅक्टिस रोखायच्या कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये समितीने तयार केला, तो कुठे धूळ खातोय? रुग्णालयांच्या नियमनाचा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही तो कोणाच्या भल्यासाठी?

राज्याच्या जनआरोग्य योजनेत आता प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. चांगली गोष्ट आहे, गरिबाचं ऑपरेशन होतं, मी ती नाकारत नाही. पण हा पैसा खासगीच्या गल्ल्यात जात राहिला आणि टेंभ्यात हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, रात्रपाळीचा सर्जन आलाच नाही, तर दहा वर्षांनी दर ठरवायला सरकारच्या हातात काय उरेल? स्वतःचं चालतं इस्पितळ असलेलं सरकारच खासगीला “एवढ्यात कर” असं सांगू शकतं.

मीरा-भाईंदर महापालिकेला आज, कोणाची परवानगी न घेता, एक काम करता येईल. शहरातल्या खासगी रुग्णालयांची नोंदणी तिच्याच हातात आहे. शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येकाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावलीच पाहिजे, आणि बिलापायी मृतदेह अडवता येत नाही. पालिकेने पथकं पाठवावीत, फलक नसतील तिथे नोटिसा द्याव्यात आणि कोणाकोणाला दिल्या ती यादी वॉर्डनिहाय जाहीर करावी. राज्य सरकारने टेंभ्यातली मंजूर पदं किती, भरलेली किती, हे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ओपीडीच्या दारावर मराठीत लिहावं. आणि आमच्या दोन्ही आमदारांनी अधिवेशनात त्या रिकाम्या पदांचा जाब विचारावा.