जखमी वळू : मोडीत काढण्याआधी इलाज करा

आठवडी बाजारात आम्हा कापडवाल्यांची उधारी कास्तकाराच्या जनावरावर चालते. चांगला वळू निकामी झाला की मालकाची मिळकत थांबते आणि त्याची झळ आमच्या दुकानापर्यंत येते. म्हणून हा विषय फक्त जनावरांच्या डॉक्टरांचा आहे, असे व्यापारी बांधवांनी समजू नये.

वळूच्या जननेंद्रियाला इजा होते ती बहुधा दोन प्रकारे. गाईवर उडताना गाय एकाएकी सरकली तर शिश्न वाकते व त्याचे आतील मजबूत आवरण फाटते. रक्त साकळून अंडकोशाच्या पुढे सूज येते. दुसरा प्रकार गीरसारख्या लोंबत्या खोळीच्या जातीत दिसतो. खोळीची आतील नाजूक कातडी बाहेर येते, काट्याकुट्याने फाटते, सुजते आणि परत आत जात नाही.

दोन्हींवर इलाज आहे. पहिल्या प्रकारात सूज मोठी असल्यास साकळलेले रक्त काढून आवरण शिवतात. हे काम पहिल्या आठ-दहा दिवसांत झालेले बरे. दुसऱ्या प्रकारात जखम धुऊन, मलम लावून, झोळी बांधून आधी सूज उतरवतात. मग खराब भाग कापून चांगल्या कडा जोडतात. पुढे सुमारे दोन महिने वळू गाईंपासून दूर ठेवावा लागतो. मालकाचा धीर सुटतो तो इथेच.

आणखी एक नुकसान अडाणी इलाजाने होते. गळू समजून सुजेत सुई किंवा ब्लेड घातले की आत जंतू शिरतात, खरोखरच गळू होते आणि बरा होण्याजोगा वळू हातचा जातो.

पूर्वी असा वळू विकून चार पैसे सुटत. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात वळू व बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. आता निकामी वळू म्हणजे नुसता चाऱ्याचा खर्च. तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार आधी व्हावा. प्रत्येक वळू बरा होतोच असे नाही. पण उशीर केल्यास आशाही उरत नाही.

तालुक्याला सोय नसेल तर परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. वळू नेताना डॉक्टरांची चिठ्ठी टेम्पोवाल्याजवळ अवश्य द्यावी, म्हणजे वाटेत नाहक अडवणूक टळेल. भाड्याचा काही भार बाजार समित्यांनी उचलावा. आणि बरा झालेला वळू विकताना जुनी इजा गिऱ्हाइकाला सांगावी. ऐब लपवून केलेला सौदा पुढचे दहा सौदे बुडवतो.