व्होल्टेज, करंट आणि घरचे बिल



"आमच्याकडे व्होल्टेज कमी असते, म्हणून बिल जास्त येते," असे आपल्या वस्त्यांतून नेहमी ऐकू येते. राहुरी, नेवासा, श्रीरामपूरच्या ऊसपट्ट्यात जिथे घरे आणि विहिरीवरच्या मोटारी एकाच डीपीवर आहेत, तिथे मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली येते, हे खरे. पण त्याने बिल वाढते काय? हे कोणी सांगितले म्हणून मानू नये, आपण हिशोब करून पाहावा. त्याला एक गुणाकार आणि एक भागाकार पुरतो. सातवीतल्या मुलामुलींनाही तो जमेल.

आधी तीन शब्द समजून घेऊ. पाण्याची टाकी जितकी उंच तितका नळाला जोर. विजेचा हा जोर म्हणजे व्होल्टेज, तो व्होल्टमध्ये मोजतात. नळातून किती पाणी वाहते तो करंट, त्याचे माप अँपिअर. आणि नळ अरुंद असला की पाणी अडते, तशी वीज अडते तो रोध, त्याचे माप ओहम. जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली यांचे नाते पुस्तकातून मांडले. त्याचे वडील कुलपे बनवणारे कारागीर. स्वतःच्या कष्टाने शिकले आणि त्यांनीच मुलाला घरी गणित शिकवले.

नाते असे : व्होल्टला अँपिअरने भागले की ओहम मिळतात. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट मिळतात. हजार वॅट एक तास वापरले की एक युनिट झाले.

आता हे आकडे आणायचे कुठून? बऱ्याच नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरांवर बटण दाबत गेले की व्होल्टेज आणि करंट दोन्ही दिसतात. आकड्यापुढे 'व्ही' आणि 'ए' ही इंग्रजी अक्षरे पाहावीत. तारांना हात लावायचा नाही.

समजा, घरातले बाकी सगळे बंद करून पाणी तापवायचा रॉड लावला. सकाळी मीटरवर २३० व्होल्ट आणि ४.३५ अँपिअर दिसले. गुणाकार १००० वॅट, भागाकार सुमारे ५३ ओहम. संध्याकाळी तोच रॉड लावला, तेव्हा १८० व्होल्ट आणि ३.४ अँपिअर दिसले. भागाकार पुन्हा ५३ ओहमच! रॉड तोच, म्हणून रोधही तोच. पण गुणाकार पाहा : फक्त ६१२ वॅट. व्होल्टेज पावहिश्श्याहून कमीच घटले, ताकद मात्र जवळजवळ चाळीस टक्क्यांनी गेली. कारण व्होल्टेजबरोबर करंटही घटला.

पंधरा लिटरची बादली २० अंशांवरून ५० अंशांपर्यंत तापवायला अर्ध्या युनिटच्या थोडी वर वीज लागते. सकाळी त्याला ३१ मिनिटे लागतील, संध्याकाळी ५१ मिनिटे. युनिट मात्र जवळपास तेवढेच. म्हणजे रॉड, इस्त्री, शेगडी यांचे बिल कमी व्होल्टेजने वाढत नाही. वेळ वाया जातो.

मोटारीचे गणित मात्र उलटे आहे. तिच्यावरचे ओझे तेवढेच राहते, म्हणून व्होल्टेज पडले की ती जास्त करंट ओढते, तापते आणि वाइंडिंग जळते. फ्रीज आणि पाण्याचा पंप यांना खरा धोका इथे आहे. कमी व्होल्टेजचा भुर्दंड बिलात कमी आणि दुरुस्तीत जास्त पडतो.

हाच हिशोब जीवही वाचवतो. १५०० वॅटच्या रॉडला साडेसहा अँपिअर करंट लागतो. तो पाच-सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटला लावू नये, सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंटच हवा. वायरचा जोड सैल असेल आणि तिथे एकच ओहम रोध आला, तरी साडेसहा गुणिले साडेसहा, म्हणजे ४२ वॅट उष्णता त्या बोटभर जागेत तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडचे डाग द्यायचे यंत्र २५ वॅटचे असते आणि त्याने धातू वितळतो! सॉकेट काळे पडले किंवा जळका वास आला, तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. रॉडचा प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

आता तक्रारीचे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते आणि विजेचे धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीज धोरण समितीपुढे त्यांनी स्वस्त आणि भरपूर विजेचा आग्रह धरला. विजेशिवाय उद्योग नाही आणि उद्योगाशिवाय गरिबी हटणार नाही, असा त्यांचा विचार होता. वीज आज घरात आली, पण ती पुऱ्या जोराने यावी हाही आपला हक्क आहे. नियमाप्रमाणे घरगुती २३० व्होल्टमध्ये सहा टक्के वर-खाली चालते, म्हणजे २१६ ते २४४. त्याखाली व्होल्टेज वारंवार जात असेल तर तक्रार करता येते.

"लाइट मंद येतो" असा अर्ज टेबलावर पडून राहतो. त्याऐवजी आठ दिवस वहीत तारीख, वेळ, व्होल्टेज लिहा. शेजारच्या चार घरांचेही आकडे घ्या. त्यांचा तक्ता अर्जाला जोडा, महावितरणच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यानंतर विद्युत लोकपाल आहेत. वही मुलांच्या हाती द्या. शाळेतले गणित घरच्या कामाला येते, हे त्यांनाही कळू द्या.