अळणी होत चाललेली पंगत

रात्रीच्या जेवणाची वेळ झाली, की आज अनेक घरांतून लहान मुलासमोर आधी मोबाईल येतो आणि मागाहून ताट. मुलाचे डोळे चित्रावर खिळलेले, तोंड आपोआप उघडणारे, आणि आई घास भरविणारी. वाटी रिकामी झाली याचे समाधान घरच्यांना लाभते. पण आपण काय खाल्ले, हे त्या मुलाला सांगता येत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा बैठा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुचविले. कित्येक घरांत तो तास दोन जेवणांतच संपतो.

हा केवळ आरोग्याचा प्रश्न आहे, असे आम्हांस वाटत नाही. गोंदिया-भंडाऱ्यास लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्याचे उदाहरण घ्यावे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. तेथे शाळेची व कचेरीची भाषा हिंदी. मराठी घरातील मुलाच्या कानी मायबोली पडावयाची ती घरातच, आणि घरातील सारी माणसे एकत्र येतात ती बहुधा जेवणाच्या वेळी. हा वैनगंगेकाठचा मुलूख धानाचा. तेथील सुवासिक चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ‘भाताला हा वास कशाचा?’ असे मुलाने पानावर विचारावे आणि आजोबांनी बांधी, रोवणी, मळणी यांची गोष्ट सांगावी. जे शब्द शाळेत मिळणार नाहीत, ते भाताबरोबर पोटात जातात. तेथील रोवणी ती आपली लावणी. आपल्याकडेही उकड्या तांदळाच्या पेजेत, आमसुलाच्या सारात आणि बांगड्याच्या काट्यात अशा गोष्टी थोड्या नाहीत. मात्र त्या सांगणाऱ्याचे डोळेही दूरदर्शनवर लागलेले असतील, तर मुलास बोल लावण्यात अर्थ नाही.

जेवण मुलांना हवेहवेसे वाटावे म्हणून खेळणी विकत आणावी लागत नाहीत. चार वर्षांच्या मुलास ताटे मोजता येतात, पाट मांडता येतात, पानात मीठही वाढता येते. जे आपण वाढले, ते चाखण्याची उत्सुकता त्याला आपोआप वाटते. चिऊकाऊचे घास तर आपल्या आज्यांनी केव्हाच शोधून ठेवले आहेत. दोन पथ्ये मात्र मोठ्यांनी पाळावीत : परीक्षेतील गुणांची झडती पानावर घेऊ नये, आणि पोट भरलेल्या मुलाच्या तोंडात शेवटचा घास कोंबू नये. कामाच्या पाळ्यांमुळे रोज एकत्र बसणे ज्यांना अशक्य आहे, त्यांनी सकाळची न्याहारी किंवा रविवारचे जेवण तरी राखावे.

जुन्या पंगतीचे गोडवे गाताना तिचा एक दोषही आम्ही झाकू इच्छित नाही. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकातील अळणी भाजीचा प्रसंग कोकणात कोणास ठाऊक नाही? भाजीत मीठ नव्हते, तरी वडील त्याविषयी अवाक्षर न काढता जेवून उठले. आईचे मन दुखवू नये, हा संस्कार श्यामने त्या पानावरच उचलला. परंतु भाजी अळणी आहे, हे आईला कळले केव्हा? सर्वांची जेवणे आटोपून ती स्वतः जेवावयास बसली तेव्हा! ती सर्वांबरोबर बसली असती, तर पहिल्याच घासाला कळले असते आणि मीठ सर्वांच्या पानांत पडले असते.

आजही किती घरांत आई शेवटी, एकटी जेवते, हे ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघरात डोकावून पाहावे. मुलाच्या पानाशेजारी आधी आईचे पान मांडले जावे. ती बसली, की मोबाईल उचलून ठेवण्यास फारसे सांगावे लागणार नाही.