क्लच घसरतोय? आधी प्लेटी बदलू नका

मोटारसायकलचा हायड्रॉलिक क्लच घसरू लागला की गॅरेजात दोन उत्तरं ठरलेली. "प्लेटी गेल्या", नाहीतर "लाइनीत हवा धरली". पहिलं खरं असू शकतं. दुसरं मला पटत नाही. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, पण यात यंत्रविद्येपेक्षा साधा तर्क जास्त लागतो. लाइनीत हवा असेल तर लिव्हरचा जोर ती हवा दाबण्यातच जातो आणि प्लेटी पुरत्या सुटत नाहीत. मग गिअर अडतो, क्लच दाबूनही गाडी पुढे ओढते. घसरण्याचं नेमकं उलट. तिथे प्लेटी एकमेकींना घट्ट धरतच नाहीत.

आमच्या पुतण्याच्या मुलाची मोठी बाईक खंबाटकी चढताना अशीच घसरली. इंजिन किंचाळतंय, गाडी हलत नाही, मागे ट्रक. गॅरेजवाल्याने पूर्ण सेटचे अठरा हजार सांगितले. पोराचा फोन आला तेव्हा मी एवढंच विचारलं, "थंड असताना घसरते का रे?" "नाही आजोबा, वीसेक किलोमीटर झाले की."

इथेच खरी मेख आहे. तापल्यावर लाइनीतला फ्लुइड फुगतो. त्याला टाकीत परत जायला मास्टर सिलिंडरमध्ये सुईच्या टोकाएवढं भोक असतं. ते कचऱ्याने बुजलं, किंवा सोडलेली लिव्हरही पिस्टनला जरा दाबून राहिली, तर फ्लुइडला वाट मिळत नाही. मग कुणी लिव्हर अर्धी दाबून धरल्यासारखाच क्लच राहतो!

पारख सोपी आहे. घसरू लागल्यावर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं. खालच्या स्लेव्ह सिलिंडरच्या निपलला नळी लावायची, डोळे जपायचे आणि लिव्हरला हात न लावता निपल पाव फेरा सैल करून लगेच आवळायचा. फ्लुइड जोरात उडाला आणि क्लच पुन्हा धरू लागला, तर प्लेटी खोलायचं कारण नाही, दोष वर आहे. तसं झालं नाही तर खुशाल प्लेटी, स्प्रिंगा बघा. इंजिनात कारचं ऑइल तर नाही ना, तेही बघा.

आमच्याकडे फ्लुइड उडाला. पठ्ठ्याने हौसेने रंगीत लिव्हर बसवली होती, तिचं नाक पिस्टनला टेकत होतं. जुनी लिव्हर लावली, गाडी खंबाटकी मुकाट चढली.

गॅरेजवाले लबाड असतात असं मी म्हणत नाही. घाई गिऱ्हाइकालाही असते. पण पंधरा मिनिटांची तपासणी अठरा हजारांच्या आधी यायला हवी, नंतर नव्हे. मात्र तशीच घसरती गाडी दामटत राहिलात तर चांगल्या प्लेटीही जळतील.

आणि हो, झाकणावर डॉट ४ लिहिलंय की मिनरल ऑइल, ते वाचूनच भर घाला. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतली रबरं खराब होतात. डॉट ४ रंगही खातो. त्याने पेट्रोलच्या टाकीवर आईची जुनी साडी अंथरली होती, एवढं मात्र मला सांगावं लागलं नाही.