डायनामो गेला म्हणून ट्रॅक्टर भंगारात?



२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. नेवासा तालुक्यातल्या एका गावात रात्री दहाला नांगरट चालू होती. ट्रॅक्टर चेनवरचा, इंग्लिश बनावटीचा, वयाने माझ्याहून मोठा. नांगरटीसाठी सात शेतकरी रांगेत, कारण सातही जणांच्या रानात कुंदा माजलेला. चौथ्याचे रान निम्मे झाले आणि दिवे पिवळे पडत पडत विझले. मालकाने इंजिन बंद केले. सकाळी सेल्फ मारला तर साधी टकटकही नाही. बॅटरी पार बसली होती.

चाकाचा ट्रॅक्टर असता तर उतारावर लावून, चार पोरांनी धक्का देऊन चालू केला असता. चेनचे धूड ढकलणार कोण? डायनामो खोलून शहरात नेला. दुकानदार म्हणाला, "पाटील, याचा माल आता येत नाही. लोखंडाला भाव बरा आहे, विकून मोकळे व्हा." मालक ऐकणाऱ्यातला नव्हता. त्याने आर्मेचर वायंडिंगला दिले. ते यायला नऊ दिवस गेले, आणि बसवल्यावर दुसऱ्या रात्री पुन्हा जळाले. तोवर वळीव सुरू झाला. त्या वर्षी मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला, हे सगळ्यांना आठवत असेल. काळ्या रानात एकदा चिखल झाला की खोल नांगरट संपली. रांगेतल्या शेवटच्या तिघांची राने तशीच राहिली. रांगेत शेवटी कोण असते ते सांगायला नको. दोन-तीन एकरवाला.

त्या तिघांनी खरिपात खुरपणीवर जो पैसा घातला, तो एका डायनामोपायी घातला. म्हणून आज बैठकीच्या या अंकात भावाबद्दल न लिहिता एका यंत्राच्या वायरीबद्दल लिहितो आहे.

हे यंत्र शेतात आले कसे?

चेनचा ट्रॅक्टर मुळात शेतकऱ्याचाच. अमेरिकेत भुसभुशीत रानात चाके रुतत म्हणून होल्टने चाकांऐवजी पट्टा बसवला. पहिल्या महायुद्धात याच ट्रॅक्टरांनी तोफा ओढल्या, आणि त्यांच्याच चालीवरून पुढे रणगाडा झाला. सप्टेंबर १९१६ मध्ये तो सोमच्या लढाईत पहिल्यांदा उतरला. नगरला १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तिथे पोरांना घेऊन जाल तेव्हा त्यांना सांगा, की या लोखंडी हत्तीचा आजा नांगर ओढत होता.

आपल्या देशात चेनचे ट्रॅक्टर मोठ्या संख्येने आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकी फौजेने मागे ठेवलेली यंत्रे केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने कांस गवताखाली गेलेल्या जमिनी मोडायला लावली. १९४९ मध्ये जागतिक बँकेने हिंदुस्थानला शेतीयंत्रांसाठी एक कोटी डॉलर कर्ज दिले, तेही याच कामासाठी. मध्य प्रदेशात जो कांस, तोच आपल्याकडे कुंदा आणि हरळी. कुंद्याची मुळे काळ्या जमिनीत खोल जातात. ती वर काढून वैशाखाच्या उन्हात वाळवली नाहीत तर तो मरत नाही. त्यासाठी ओढ दांडगी लागते आणि जमीनही दबता कामा नये. चेनचा ट्रॅक्टर वजन लांब पट्ट्यावर पसरतो, म्हणून त्याला दोन्ही जमते. म्हातारा झाला म्हणून त्याचे काम संपलेले नाही.

दोष कुठे आहे ते आधी पाहा

मी शेतकी पदवीधर. पान पिवळे पडले की युरिया फेकू नका, आधी मूळ पाहा, असे पंचवीस वर्षे सांगत आलो. आपल्या चुनखडीच्या जमिनीत पिवळेपणा पुष्कळदा लोहाच्या कमतरतेचा असतो. यंत्राचेही तसेच. डायनामो चार्ज करत नाही म्हणजे तो मेला असे नाही. कार्बन झिजले असतील, कॉम्युटेटर काळा पडला असेल, बेल्ट ढिला असेल, कट-आउटचे पॉइंट जळाले असतील. बरेच दिवस पडून राहिलेल्या डायनामोचे अंगचे चुंबकत्व जाते, ते बॅटरीच्या क्षणभराच्या स्पर्शाने परत येते. एवढ्यावर भागत असेल तर तिथेच थांबा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला नको.

पण आर्मेचर दुसऱ्यांदा जळाले असेल आणि रात्रीची नांगरट करायची असेल, तर डायनामोच्या मागे लागू नका. त्याची कुवतच कमी आहे. त्या काळचा १२ व्होल्टचा डायनामो फार तर २०-२२ अँपियर देतो, तेही इंजिन जोरात असताना. इंजिन सावकाश चालले की जवळजवळ काहीच नाही. पुढचे दोन दिवे आणि नांगरावरचा एक, प्रत्येकी ५५ वॅट, म्हणजे १४ अँपियर नुसत्या उजेडाला. उरले त्यात सकाळच्या सेल्फची भरपाई करायची. डायनामोत सगळा करंट फिरत्या आर्मेचरमधून कार्बनवाटे बाहेर येतो. अल्टरनेटरमध्ये तो स्थिर वायंडिंगमधून येतो, कार्बनवर फक्त चुंबकापुरता थोडा करंट असतो. म्हणून कार्बन जास्त टिकतात. तो इंजिन सावकाश असतानाही चार्ज करतो, आणि रेग्युलेटर बहुधा पोटातच असतो. ३५-४० अँपियरचा अल्टरनेटर कोणत्याही तालुक्याच्या गावी सेल्फ-डायनामोवाल्याकडे मिळतो, आणि तिथेच दुरुस्तही होतो. माझ्या मते हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत मोठा.

बदलताना घ्यायची काळजी

आमच्या मालकाचे काम अखेर तालुक्याच्या गावातल्याच एका मिस्त्रीने दीड दिवसात केले. मी शेजारी बसून पाहिले. ते इथे देतो.

पहिली गोष्ट, अर्थिंग. कितीतरी जुन्या इंग्लिश ट्रॅक्टरांत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. अल्टरनेटरला मायनस बॉडीला लागतो. तसाच जोडला तर डायोड क्षणात जातात. म्हणून आधी बॅटरीच्या वायरी उलटवायच्या, अँपियर मीटरच्या दोन वायरींची अदलाबदल करायची, मग अल्टरनेटर. सेल्फ उलटा फिरेल ही भीती खोटी. त्याचे फील्ड आणि आर्मेचर दोन्ही एकदमच उलटतात, म्हणून तो त्याच दिशेने फिरतो.

दुसरी, व्होल्टेज. मोठ्या यंत्रांत २४ व्होल्ट असतात. तिथे ट्रकचा २४ व्होल्टचाच अल्टरनेटर बसवा. जमवाजमव करू नका.

तिसरी, जुना कट-आउट सर्किटमधून पूर्ण काढायचा. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची वायर नवी आणि जाड टाकायची, ६ चौरस मिलिमीटरची, आणि मध्ये फ्यूज. जुनी वायर वीस अँपियरच्या हिशेबाची असते. ती तापेल, आणि डिझेल-ऑइलने माखलेल्या यंत्रात तापलेली वायर म्हणजे आगीला आमंत्रण. मीटरही जास्त अँपियरचा हवा. चार्जिंगचा छोटा दिवा शोभेचा नाही. बऱ्याच अल्टरनेटरांना जागे करणारा पहिला करंट त्याच्यातूनच जातो.

चौथी, पुली. जुने इंजिन सावकाश फिरते, म्हणून अल्टरनेटरवर लहान पुली लागते. इंजिनाची पुली १५० मिलिमीटरची आणि अल्टरनेटरची ६५ ची असेल, तर इंजिनाच्या ५०० फेऱ्यांना अल्टरनेटर साडेअकराशेच्या आसपास फिरतो. दोन्ही पुल्या एका रेषेत हव्यात, नाहीतर बेल्ट खाल्ला जातो. ब्रॅकेट जाड पट्टीचे करा. चेनच्या हादऱ्याने पातळ पत्रा महिन्यात तडकतो.

आणि नंतरची शिस्त. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढायची नाही. वेल्डिंग करण्याआधी बॅटरी आणि अल्टरनेटर, दोघांच्याही वायरी सोडायच्या. नांगरटीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा हवेने धूळ उडवायची. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर काम ठीक झाले असे समजा.

त्या मालकाला अल्टरनेटर, वायर, ब्रॅकेट आणि मजुरी मिळून जो खर्च आला, तो दोनदा केलेल्या वायंडिंगहून थोडाच जास्त होता.

हिशेबात नसलेला रकाना

आता मुद्द्याचे. शेतमालाचा उत्पादन खर्च काढताना सरकारी हिशेबात अवजारांची दुरुस्ती धरतात, घसाराही धरतात. पण यंत्र बंद पडल्याने हातची गेलेली वेळ कुठल्या रकान्यात लिहायची? वेळेवर न झालेली नांगरट, त्यामुळे वाढलेली खुरपणी, हुकलेला वाफसा, हे शेतकऱ्याने आपल्या घामाच्या खात्यात टाकायचे.

सरकारचे लक्ष नव्या यंत्रावर. २०१४-१५ पासूनच्या यांत्रिकीकरण अभियानात नव्या अवजारांच्या खरेदीला अनुदान मिळते. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. चांगले झाले, त्याला आमचा विरोध नाही. लोखंडी नांगराने जमिनीला विष होते म्हणून किर्लोस्करांचा नांगर नाकारणाऱ्यांच्या पंक्तीत आम्हाला बसायचे नाही. पण जुने यंत्र चालू ठेवणाऱ्याला काय? जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले, आणि त्यांच्याबरोबर इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स शिरले. धूर कमी झाला हे बरेच झाले. पण दोष शोधायला कंपनीचाच संगणक लागणार असेल, तर कर्ज फेडणाराचे यंत्र खरोखर त्याचे झाले का?

हा प्रश्न अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनाही पडला. कोलोराडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला, की शेतीयंत्राचे सुटे भाग, माहितीपुस्तके आणि दोष शोधायची साधने मालकाला मिळालीच पाहिजेत. १ जानेवारी २०२४ पासून तो लागू आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत शेतीची अवजारे होती. पुढे पोर्टलही निघाले. पण समिती आणि पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

आपण काय करायचे?

मागण्या दोन. प्रत्येक यंत्राबरोबर वायरिंगचा नकाशा मराठीत मिळावा आणि दोष शोधायचे साधन गावच्या मिस्त्रीला विकत घेता यावे. आणि यांत्रिकीकरणाच्या पैशातला वाटा जुन्या यंत्रांच्या नूतनीकरणाला मिळावा.

पण मागणी करून हात झाडायचे नाहीत. बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्याकडच्या चांगल्या सेल्फ-डायनामोवाल्यांची, टर्नरची आणि वेल्डरची यादी आणावी. ज्याने ट्रॅक्टरची वायरिंग बदलली त्याने ती कागदावर काढून हत्यारांच्या पेटीत ठेवावी. आज बदलणारा मिस्त्री उद्या गावात असेलच असे नाही.

नेवाशाचा तो ट्रॅक्टर येत्या वैशाखात पुन्हा रानात उतरेल. मालकाने शब्द दिला आहे, की या खेपेला रांग उलटी लागेल. मागच्या वर्षी राहिलेले तिघे पहिले.